शेजारघरातले भय : ‘ईडन लेक’ आणि ‘माफीचा साक्षीदार’

जेम्स वॅटकिन्स दिग्दर्शित ‘ईडन लेक’ (2008) या ब्रिटिश भयपटात भुताखेतांचा मागमूसही नाही. जेनी आणि स्टीव्ह हे तरुण जोडपे सुट्टीसाठी एका तळ्याकाठी येते. तेथील किशोरवयीन टोळक्याशी त्यांची कुरबूर होते, झटापटीत टोळीप्रमुख ब्रेटचा कुत्रा मरतो आणि मग छळाला सीमा राहत नाही. जेनी लहान मुलांची शिक्षिका आहे, हा तपशील सहज म्हणून आलेला नाही. मुलांवर विश्वास ठेवणे हाच तिचा व्यवसाय, आणि नेमका तोच येथे निरुपयोगी ठरतो.

या चित्रपटावरील गंभीर आक्षेप वर्गदृष्टीचा आहे. ओवेन जोन्स यांनी ‘चॅव्ह्ज’ (2011) या ग्रंथात त्यातील श्रमिक वर्गाच्या चित्रणावर टीका केली. सुस्थित जोडप्यावर येणारे संकट खालच्या थरातून येते, असे गृहीतक त्यामागे आहे. आक्षेप रास्त आहे. मात्र तो भयाची केवळ दिशा सांगतो, भयाचे स्वरूप नव्हे.

मराठीत या आशयाच्या सर्वांत जवळ जाणारी कृती म्हणजे राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ (1986). नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटामागे पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड आहे. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा जणांचे खून झाले. गुन्हेगार अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. 31 ऑक्टोबर 1976 रोजी एका जोडप्याचा व त्यांच्या मुलाचा राहत्या घरी बळी गेला; 1 डिसेंबरला संस्कृत व्याकरणाचे व्यासंगी काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह त्या घरातील पाच जण मारले गेले. चौघा आरोपींना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद येथे आहे. इंग्रजी जोडपे घर सोडून परक्या रानात जाते. पुण्यातील कुटुंबे स्वतःच्या दिवाणखान्यात होती. ब्रेटची टोळी प्रेक्षकाला परकी वाटू शकते, पण दाराची कडी वाजवणारा कलाशाखेचा विद्यार्थी मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाला परका म्हणता येत नव्हता. संध्याकाळ होताच ओस पडणारे पुण्याचे रस्ते ही त्या पिढीची आठवण आहे, आणि चित्रपट त्या आठवणीवरच उभा आहे. (कथेत वेगळे भय घालण्याची दिग्दर्शकाला गरजच नव्हती.)

रायपूरच्या बाजूने पाहिले तर तिसरी दिशा दिसते. छत्तीसगढात ‘टोनही’ ठरवलेल्या स्त्रीचा छळ रोखण्यासाठी 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. तेथे भ्यालेला समूहच हिंस्र होतो. भय आणि हिंसा एकाच बाजूला असतात. ‘ईडन लेक’चा शेवटही अनपेक्षितपणे याच्याजवळ जातो. जेनी आश्रयासाठी शिरते ते घर ब्रेटच्याच आईवडिलांचे निघते, आणि आपल्या मुलांसाठी धास्तावलेली प्रौढ माणसे तिच्यावर उलटतात.

मराठी चित्रपटाचे शीर्षक मात्र खुन्यांचे नाही, मृतांचेही नाही. ते सारे ठाऊक असून गप्प राहिलेल्या आणि पुढे न्यायालयात बोललेल्या मित्राचे आहे. ‘ईडन लेक’मध्ये असे पात्र नाही. तेथे टोळीतील मुले कृत्याचे मोबाइलवर चित्रण करतात, पण साक्ष कोणीच देत नाही.