डायबेटिस असलेल्या मुलांना खेळू द्या

मुलाला शुगर निघाली की घरचे पहिलं काम करतात ते त्याचं खेळणं बंद करण्याचं. वस्तीत फिरताना आम्हाला हेच दिसतं. मुलींचं तर आणखी लवकर बंद होतं. पण साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर रक्तवाहिन्या आतून खराब होतात, आणि याची सुरुवात पंधरा-सोळाव्या वर्षीही होऊ शकते. तेव्हा दुखत काहीच नाही. धावणं, कबड्डी, सायकल यांनी हृदय बळकट होतं, इन्सुलिनही जास्त चांगलं लागू पडतं. रोज 60 मिनिटं तरी अंग हललं पाहिजे.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांनी मात्र खेळण्याआधी शुगर तपासावी. 90 च्या खाली असेल तर आधी काही खावं. 250 च्या वर असेल आणि उलटी, पोटदुखी किंवा लघवीत कीटोन असेल, तर खेळ नको, सरळ दवाखाना गाठा. खिशात साखरेची पुडी हवीच. हातपाय थरथरले, घाम फुटला तर तीन चमचे साखर लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. संध्याकाळी खूप खेळलेल्या मुलाची शुगर रात्री झोपेतही उतरते, म्हणून झोपण्याआधी पुन्हा तपासा. तपासणीला गेलात की बीपीही मोजायला सांगा. मुलांचं म्हणून ते बरेचदा राहून जातं.