झडप नवी बसली, पण हृदयाचे काय?

ऑपरेशनला दोन-तीन महिने झाले की टूडी इकोचा रिपोर्ट हातात येतो आणि घरात कुजबुज सुरू होते. आधी इजेक्शन फ्रॅक्शन ६० होते, आता ५० लिहिले आहे. झडप नवी, मग हृदय कमजोर कसे झाले?

याचे उत्तर जुन्या आजारात आहे. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असते. ती गळत असेल, तर खालचा कप्पा आकसताना थोडे रक्त शरीराकडे जाते आणि बाकीचे सोप्या वाटेने मागे फिरते. इकोमध्ये दोन्हींची मोजणी होते, म्हणून आकडा फुगलेला असतो. नवी झडप मागची वाट बंद करते आणि स्नायूचे खरे बळ समोर येते. म्हणूनच गळती मोठी असेल, तर आकडा ६० पर्यंत घसरला की डॉक्टर ऑपरेशन लांबवत नाहीत. ‘त्रास वाढला तर बघू’ असे म्हणणे इथे महागात पडते. झडप अरुंद झाली असेल, तर खालचा कप्पा बहुधा शाबूत असतो. दम लवकर कमी होतो, मात्र वरचा कप्पा ताणलेला राहिल्याने ठोके अनियमित राहू शकतात.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात हृदयाची ऑपरेशने होतात आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधारही मिळतो. खरी परीक्षा नंतरची. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला जिल्हा! अकोले किंवा जामखेडच्या खेड्यातून रक्ततपासणीसाठी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तरीही धातूची झडप असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडली, तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. झडपेची टिकटिक दबली, अचानक धाप लागली किंवा तोंड वाकडे झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

जनावराच्या ऊतीची झडप सुचवली, तर ती डुकराची की गाईच्या हृदयावरणाची, हे आधीच विचारा. दोन्ही प्रकार मिळतात आणि विचारण्यात संकोच नको. मात्र ती झडप काही वर्षांनी झिजते. सुनेला अजून मूल हवे असेल, तर झडप निवडण्यापूर्वीच ते सांगा, कारण गोळ्यांचा गर्भावर परिणाम होऊ शकतो.

रमजानच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. लघवीच्या गोळ्या चालू असताना दिवसभर पाणी बंद ठेवणे काहींना झेपत नाही. आजाऱ्याला रोजातून सवलत आहेच. ज्यांना परवानगी मिळेल, त्यांनी गोळीची वेळ ठरवून घ्यावी. इफ्तारला एकदम पालक-मेथीचा मारा नको. भाजी बंद करायची नाही, तर नेहमीइतकीच खायची. त्या महिन्यात आयएनआर एकदा जास्त तपासलेला बरा.