'अवर्षणसहिष्णू' हे विशेषण आणि कण्हेर

उद्यानविषयक लेखनात काही झुडपांना 'अवर्षणसहिष्णू' असे विशेषण लावण्यात येते. भूमध्य समुद्राकाठची रोझमेरी व लव्हेंडर ही झुडपे या वर्गात नेहमी गणली जातात. हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरसारख्या गावी उन्हाळा कडक. तेव्हा तेथील अंगणास ही झुडपे योग्य होत, असे अनुमान सहज निघते. परंतु ऋतूचा निर्देश केल्यावाचून या विशेषणाचा अर्थ पूर्ण होत नाही.

भूमध्य प्रदेशात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, थंड हवेत पडतो. उन्हाळा कोरडा जातो. मराठवाड्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, उबदार हवेत पडतो. येथील काळी चिकण माती भिजली म्हणजे फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. त्यामुळे वैशाखातील उन्हापेक्षा श्रावणातील ओलच या झुडपांस अधिक घातक ठरण्याचा संभव असतो. ती लावावयाचीच असल्यास मुरूम व वाळू मिसळलेल्या उंच वाफ्यात किंवा कुंडीत लावावीत.

कण्हेरीची गोष्ट निराळी आहे. तिचा प्रसार भूमध्य प्रदेशापासून इराणमार्गे भारतापर्यंत आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या व पावसात दुथडी वाहणाऱ्या ओढ्यांच्या पात्रांत ती स्वभावतः वाढते. म्हणून कोरड आणि पूर या दोहोंची तिला सवय आहे. तिची पाने जाड व मेणचट असून श्वसनाची रंध्रे पानांच्या खालच्या बाजूस, केसाळ खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे बाष्पोत्सर्जन कमी होते.

या दीर्घ सहवासाची साक्ष भाषाही देते. संस्कृत 'करवीर' या शब्दातील पहिल्या 'र'चा प्राकृतात 'ण' होतो, असा नियम हेमचंद्राने १२व्या शतकातील आपल्या व्याकरणात दिला आहे. त्या 'कणवीर' रूपापासून गुजराती 'कणेर', हिंदी 'कनेर' व हकारयुक्त मराठी 'कण्हेर' ही रूपे आली. 'रोझमेरी' हा शब्द मात्र मराठीत अद्याप पाहुणाच आहे. तथापि केवळ नावावरून मूळ ठरवू नये. 'पिवळी कण्हेर' ही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली, त्याच कुळातील परंतु निराळी वनस्पती असून, साम्यामुळे तिला हे नाव मिळाले आहे.

कण्हेरीची छाट कलमे पावसाळ्याच्या आरंभी, सुमारे २ मीटर अंतराने लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे. मुळे खोल गेल्यावर ते क्वचितच लागते. बहर ओसरल्यावर छाटणी करावी.

एक सावधगिरी मात्र अनिवार्य आहे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून त्यांतील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयक्रियेवर आघात करते. वाळलेल्या पानांतही विष टिकते. म्हणून छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळू देऊ नयेत, जळणासही वापरू नयेत. आणि लहान मुले खेळतात किंवा शेळ्या बांधतात तेथे हे झुडूप लावू नये.

सारांश, झुडूप निवडताना ते किती कोरड सोसते एवढेच विचारून भागत नाही. ती कोरड कोणत्या ऋतूतील, आणि तिच्यामागून येणारी ओल त्यास सोसेल काय, हे दोन प्रश्न विचारले म्हणजेच 'अवर्षणसहिष्णू' या शब्दास आखाडा बाळापूरच्या मातीत अर्थ येतो.