पोपट, पेलिकन आणि चष्मेवालं घुबड

इंजिनिअरिंगवाल्यांनी पक्ष्यांवर काय लिहायचं, असं म्हणू नका. हे पक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहेत, म्हणजे आपल्या वर्कशॉपचेच शेजारी.

न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. १५०४ साली त्याने आदम आणि एव्हा तांब्यावर कोरले. छापलेलं चित्र वहीच्या पानाएवढंच. साप फळ देतोय, पण खाली मांजरासमोर उंदीर अजून निवांत आहे, म्हणजे पाप घडायला क्षणभर अवकाश आहे. आदमने धरलेल्या फांदीवर एक पोपट बसलाय. त्याचं तिथे काय काम? त्या काळी समजूत होती की पोपट उपजतच ‘आव्हे’ म्हणतो. आव्हे म्हणजे देवदूताने मेरीला केलेला नमस्कार. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही जी ‘हेल मेरी’ म्हणायचो, त्यातलं ‘हेल’ ते हेच. आता एव्हाचं स्पेलिंग बघा : ई, व्ही, ए. उलटं वाचा, आव्हे! एव्हेने बिघडवलं ते मेरीने सावरलं, ही जुनी ख्रिस्ती कल्पना जाणकारांना या पोपटात दिसते. गंमत म्हणजे पत्र्यावरचं सगळं कागदावर मिरर इमेज होऊन उमटतं, त्यामुळे पोपटाजवळच्या पाटीवर स्वतःचं नावसुद्धा ड्यूररला उलटंच कोरावं लागलं. अशा माणसाला ही कोटी आवडली नसेल तरच नवल.

पेलिकन सोपा. तो छाती फोडून रक्ताने पिल्लं जगवतो, अशी दंतकथा, म्हणून तो येशूचं प्रतीक. पक्षिशास्त्रात याला आधार शून्य. चोच छातीला टेकवून पिशवी रिकामी करताना कुणीतरी लांबून पाहिलं असावं.

घुबडाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. ग्रीकांकडे ते अथेनाचं, म्हणजे विद्वान. डच लोकांकडे साफ मूर्ख! त्यांची म्हणच आहे : घुबडाला बघायचंच नसेल तर मेणबत्ती नि चष्मा काय कामाचे? यान स्टेनच्या सतराव्या शतकातल्या एका चित्रात जोडपं दारू पिऊन पडलंय, मागे चोरी चाललीय आणि भिंतीवर डकवलंय याच घुबडाचं छापचित्र. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवरही लावायला हरकत नाही.

मग १७९९ मध्ये स्पेनमध्ये गोयाने ‘लोस काप्रिचोस’ हा ८० चित्रांचा संच काढला. त्यातल्या ४३व्या चित्रात एक माणूस टेबलावर डोकं टेकून झोपलाय आणि मागून घुबडं, वटवाघळं झेपावताहेत. टेबलाच्या दर्शनी बाजूवर लिहिलंय : बुद्धीची झोप राक्षस निर्माण करते. पण तिथला स्पॅनिश शब्द ‘सुएन्यो’. त्याचा अर्थ झोपही होतो आणि स्वप्नही! बुद्धी झोपल्यामुळे राक्षस येतात, की बुद्धीच त्यांची स्वप्नं बघते? ही घुबडं डच मूर्ख मानावीत, असं बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. कारण त्यातलं एक घुबड झोपलेल्या माणसापुढे चित्र काढायची कांडी धरून बसलंय, जणू म्हणतंय, ऊठ, काढ.