आवृत्ती यावी, पण पंचांग पाहून

आमच्या परिचयातले एक हिशेबनीस दर मार्चअखेरीस एकच प्रार्थना करतात : देवा, ताळेबंद जुळेपर्यंत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊ देऊ नकोस! त्यांची भीती अनाठायी नाही. काल डावीकडे असलेले बटण आज उजवीकडे गेलेले असते, छापील बिलाचा कागद वेडावाकडा निघतो आणि काउंटरपुढची रांग वाढत जाते. ज्याने सुधारणा केली, तो मात्र दूर कुठेतरी समाधानात असतो.

ज्याची मूळ आज्ञावली कुणालाही पाहता आणि बदलता येते, त्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. तिथली परंपराच घाईची. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स १९९१च्या सुमारास कधी कधी एकाच दिवसात एकाहून अधिक आवृत्त्या काढत. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये याच रिवाजाचे तत्त्व केले : लवकर काढा, वारंवार काढा. पाहणारे डोळे जितके अधिक, तितक्या चुका लवकर सापडतात, हे त्यामागचे गणित.

गणित बरोबर आहे. पण ते डोळे प्रोग्रॅमरचे होते. आमच्या हिशेबनिसांना चुका शोधायच्या नसतात, बिल फाडायचे असते.

मग आवृत्त्या कमीच काढाव्यात का? तेही परवडणारे नाही. अपाचे स्ट्रट्स या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील एका धोकादायक त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. अमेरिकेच्या इक्विफॅक्स कंपनीने ती वेळेत बसवली नाही. मे महिन्यात चोर त्याच वाटेने शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. शिवाय सरकार कुणासाठी थांबत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, २२ सप्टेंबर २०२५ला त्याचे दर बदलले. त्या दिवशी बिलावर जुना दर छापून कसे चालेल?

माझ्या मते गोंधळ होतो तो दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांना एकाच मापाने मोजल्यामुळे. गळके छप्पर आज शाकारावे लागते; घराची खोली वाढवायची तर मुहूर्त पाहता येतो.

ज्यांनी हा फरक ओळखला, त्यांचे बरे चालले आहे. पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते, छोट्या दुरुस्त्या साधारण दर तीन महिन्यांनी. आणि प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. उबुंटू दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते, पण दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती दोन वर्षांतून एकदाच. व्यवसायाच्या कामासाठीचे बेल्जियमचे ओडू दर वर्षी नवे रूप घेते आणि शेवटच्या तीन आवृत्त्यांना आधार देते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या ईआरपीनेक्स्टच्या १३, १४ आणि १५ या मोठ्या आवृत्त्या अनुक्रमे २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये आल्या. म्हणजे वर्षभराची चाल बहुतेकांना मानवते, असे दिसते.

जुन्या आवृत्त्या सांभाळणे फुकट होत नाही, हेही खरे. त्यात माणसांचे तास जातात, आणि मुक्तस्रोतात ते तास अनेकदा कुणीतरी स्वखुशीने दिलेले असतात. म्हणूनच वर्षाला चार मोठ्या आवृत्त्या काढून चारही अर्धवट सांभाळण्यापेक्षा एकच काढून ती नीट सांभाळावी, असे मला वाटते. सुरक्षेची आणि कायद्याची दुरुस्ती तत्काळ यावी. मोठा बदल वर्षातून एकदा, तारीख आधी जाहीर करून आणि मार्च-एप्रिल टाळून.

तेव्हा वाचकहो, आपल्या दुकानासाठी किंवा सोसायटीसाठी असे सॉफ्टवेअर घेताना, नवी आवृत्ती कधी येणार, एवढेच विचारून थांबू नका. आज बसवलेली किती वर्षे सांभाळणार, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर खुशाल दुसरे दार ठोठवा.