त्यांनाच विचारा ना!

माझे धाकटे मामू चोविशीत होते तेव्हा त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. नानी म्हणाली, ‘पोराला असर झालाय.’ ताईत झाले, दम केलेलं पाणी झालं, दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टर. सोबत मीही होतो. मामू समोरच बसलेले, पण डॉक्टर विचारत होते मोठ्या मामूंना, ‘झोपतो का? जेवतो का? अंगावर येतो का?’ बाहेर आल्यावर धाकटे मामू मला म्हणाले, ‘अरे, मी तिथंच होतो ना?’

घरच्यांच्या नजरेचा आजारावर काय परिणाम होतो, यावर लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात काम सुरू केलं. स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतले, त्यांच्यापेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणारे बरे टिकले! घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ नव्हे. पण सततची टोचणी, राग आणि अति काळजी यांनी तो उलटतो, असं पुढं दिसलं. अति काळजीसुद्धा! मला नानी आठवली. ती मामूंना भाकरीही स्वतःच्या हातानं मोडू देत नसे. ८०च्या दशकात चंडीगडमध्ये असाच अभ्यास झाला. तिथल्या घरांत ही टोचणी लंडनपेक्षा कमी आढळली.

म्हणून आपली घरं प्रेमळच, असं म्हणायला मात्र जीभ अडखळते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं गेली. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनीच तिथं आणून ठेवलं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळ्यांना बंदी घातली. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही रुग्णाला दिला. पण लिहून ठेवायचं तर आधी कुणीतरी विचारायला हवं.

मामूंचे हात कापत, ते दिवसभर पडून राहत. नानी म्हणे भीती, मोठे मामू म्हणत आळस. कितीतरी वर्षांनी एका तरुण नर्सनं विचारलं, ‘काका, गोळी घेतल्यावर हात जास्त कापतात का?’ मोठे मामू उत्तर द्यायला सरसावले, तशी ती म्हणाली, ‘थांबा, त्यांना सांगू द्या.’ मामू बराच वेळ बोलले. पुढच्या खेपेला गोळी बदलली, आणि महिन्याभरात चहाची बशी त्यांच्या हातात वाजेनाशी झाली.