सांगितलेलं राहत नाही, तेव्हा

अंगणवाडीत खिचडीची वेळ झाली की ताई एका दमात सांगतात, "चपला काढा, हात धुवा, ताटली घ्या आणि रांगेत बसा." बाकीची मुलं कामाला लागतात. एखादं मूल चपला काढतं आणि तिथंच घुटमळतं. काल त्याला हे सगळं जमलं होतं, आज जणू पहिल्यांदाच ऐकतंय. उत्रोली असो की भोर-वेल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, अशा मुलावर हट्टी किंवा द्वाड असा शिक्का लगेच बसतो. या वागण्यामागं अनेक कारणं असू शकतात. त्यातलं एक कारण आपल्याकडं फारसं कुणी बोलून दाखवत नाही. मूल पोटात असताना आईच्या शरीरात दारू गेलेली असू शकते.

आईनं घेतलेली दारू तिच्या रक्तात मिसळते आणि वारेतून थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात पोचते. आईचं यकृत तिचा निचरा करू शकतं. बाळाचं यकृत त्या कामाला तयार झालेलं नसतं. दारू गर्भजलातही उतरते, बाळ तेच पाणी गिळतं, त्यामुळं तिचा मुक्काम लांबतो. मेंदूच्या पेशी तयार होणं, आपापल्या जागी पोचणं, एकमेकींशी जोडल्या जाणं हे काम नऊ महिने चालू असतं. दारू त्यात कधीही अडथळा आणू शकते.

फ्रान्समधल्या नान्त शहरात डॉ. पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये पोटात असताना दारूचा परिणाम झालेल्या १२७ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या अवस्थेला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. डोळ्यांच्या आखूड फटी, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, या त्या अवस्थेच्या, चेहऱ्यावर दिसणाऱ्या खुणा. पण बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, त्रास असतो तो मेंदूच्या कामात. म्हणून आज डॉक्टर 'एफएएसडी' (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) हे व्यापक नाव वापरतात.

तान्हेपणी असं बाळ नीट ओढून दूध पीत नाही, झोप मोडमोड होते, आवाजानं दचकतं. पुढं बोलणं उशिरा येतं. लक्ष टिकत नाही, अनोळखी माणसाच्याही कडेवर पटकन जातं, जत्रेतला ढोल सोसवत नाही. 'थोड्या वेळानं', 'उद्या' हे शब्द उमगत नाहीत. 'असं केलं तर असं होईल' हा धागा हाती लागत नाही, म्हणून मारून-रागावून काहीच शिकवता येत नाही. मूल घाबरतं तेवढं, चूक मात्र पुन्हा होते.

बदलायचं ते आपल्याला. मुलासमोर बसावं, नाव घ्यावं, त्यानं पाहिलं की एकच गोष्ट सांगावी: "चपला काढ." ते झालं की पुढची: "हात धू." सोबत स्वतः करून दाखवावं. चपला, नळ, ताटली, सतरंजी अशी चार चित्रं त्याच क्रमानं भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावावीत. बसायची जागा रोज तीच, दारापासून लांब. जेवणाआधीचं गाणं रोज तेच. खेळ थांबवायच्या थोडं आधी टाळी वाजवून कल्पना द्यावी. मूल बिथरलं तर प्रश्न विचारू नयेत, शांत कोपऱ्यात न्यावं, समजावणं नंतर. काल शिकवलेलं आज पुन्हा शिकवावं लागेल, आणि तेही न वैतागता. जे जमलं त्याचं कौतुक तिथल्या तिथं करावं.

तपासणी लांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला; त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. शंका त्यांना सांगावी किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावं. पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. आधी कान, डोळे, थायरॉइड, रक्तातलं लोह पाहिलं जातं, कारण तिथंही दोष असू शकतो. एफएएसडी दाखवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर वाढ, चेहरा, वागणं आणि गरोदरपणाची माहिती एकत्र मांडून ठरवतात. मेंदूला झालेली इजा औषधानं भरून निघत नाही. पण वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरातली सलग माया जितक्या लवकर मिळेल, तितकं मुलाचं पुढचं आयुष्य सुकर होतं.

गरोदरपणाची ही माहिती द्यायला आईला धीर लागतो. तिला आरोपीसारखं उभं केलं तर ती बोलणारच नाही आणि मुलाचीच मदत अडेल. कित्येकींना दिवस गेल्याचंच ठाऊक नसतं, कित्येकींना धोका कुणी सांगितलेला नसतो. म्हणून विचारणं एकांतात आणि आपुलकीनं व्हावं.

गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठाऊक नाही. हातभट्टी, बिअर, वाइन सगळ्यांना हेच लागू. आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, ते बाटलीवर छापलेलंही असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आधी घेतली असेल तरी ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. थांबणं एकटीला जड जात असेल तर आशाताईंशी बोलावं, आणि नवऱ्यानं व सासरच्यांनी त्या नऊ महिन्यांत घरात बाटली आणूच नये. बाळाच्या मेंदूची राखण सगळ्या घरानं करायची असते.